ऑगस्टीन अंकलचं उसनं मशीन

ऑगस्टीन अंकल मला कधीच आवडले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे वाचताना वाटेल, शेजारीण आहे म्हणून बाई कौतुक करतेय. निर्मळ गावात आमची फुलांची वाडी आणि अंकलची, म्हणजे तुस्कानोंची, केळीची वाडी एकमेकींना लागून. मध्ये मेंदीचं कुंपण, तेही अर्धं मोडलेलं. लहानपणी आमचा चेंडू त्या कुंपणातून पलीकडे गेला की आणायला कोणी जायचं यावरून आमची भांडणं व्हायची, कारण अंकल ओरडायचे. चेंडू आला म्हणून नाही. मातीच्या पायांनी त्यांच्या खोलीजवळ गेलो म्हणून.

ती खोली म्हणजे त्यांच्या वडिलांची केळी पिकवायची खोली. जाड भिंती, एक दार, खिडकी नाही, आत तीन बाजूंनी लाकडी फळ्या. वडील होते तोवर फळ्यांवर घड असायचे. आता कॉम्प्युटर आहेत. नवे नव्हेत हो. नवा कॉम्प्युटर अंकलना आवडतच नाही. ज्याच्याकडे बघून आजची पोरं विचारतील की हा ओव्हन आहे का, असले. मी मोजले तेव्हा चौतीस होते. टीव्हीला जोडायचे, टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून चालणारे, हिरव्या अक्षरांचे, केशरी अक्षरांचे. एक तर चाळीस वर्षांपूर्वी सरकारनं शाळांना दिला होता त्यातला. आमच्या आळीत लोक त्यांना तोंडावर अंकल म्हणतात आणि पाठीमागे भंगारवाला. मीही म्हणायचे.

तुस्कानोंच्या घरात पिढ्यान् पिढ्या केळी आणि भाजी. हा एकच मुलगा आयटीआय करून रेडिओ मेकॅनिक झाला आणि अंधेरीच्या एका कंपनीत चिकटला. ती कंपनी बँकांमधले, ऑफिसांमधले कॉम्प्युटर दुरुस्त करायची. तेव्हा कॉम्प्युटर बिघडला की ऑफिसभर काम थांबायचं आणि बॅग घेतलेला एक माणूस यायचा. तो माणूस हे. तेवीस वर्षं हेच केलं. मग ऑफिसांनी नवीन मशीनं घेतली आणि जुनी जिन्याखाली टाकली. यांनी ती आपल्या हातांनी चालू ठेवलेली, यांना ते बघवेना. पहिला कॉम्प्युटर शहाण्णव साली टेम्पोतून घरी आला. रीटा आंटी, म्हणजे त्यांची बायको, सांगते की तिला वाटलं टीव्ही आणला, म्हणून तिनं त्याच्यासाठी जागा पुसून ठेवली होती. त्यानंतर तिनं पुसणं सोडलं, कारण पुसायचं कामही त्यांनी स्वतःकडेच घेतलं.

मग कंपनी बंद झाली. तेव्हापासून सातिवलीच्या कारखान्यांच्या पट्ट्यातले भंगारवाले फोन करतात आणि अंकल स्क्रू ड्रायव्हर घेऊन जातात. मशीन घरी आलं की सगळ्यात आधी आतली छोटी बॅटरी काढून टाकतात. ती गळते आणि आतलं तांबं खाते म्हणे. मग ब्रश, मग स्पिरिट, मग दोन दोन महिने डोकं घालून बसायचं. चालू झालं की फळीवर. दर रविवारी चर्चमधली मिसा आटोपून आले की कपडे न बदलता पाच-सहा मशीनं चालू करायची, पाळीपाळीनं. बंद ठेवलं की मशीन मरतं, हे त्यांचं म्हणणं. रीटा आंटी म्हणते, मला आठवड्यातून एकदा तरी असं विचारलं असतं तर. पण हसत म्हणते.

त्या सगळ्यांत एक मशीन वेगळं. ते भंगारातलं नाही. कंपनी बंद होताना मालकानं यांना खोकं न फोडलेला कॉम्प्युटर दिला होता, त्र्याण्णव सालचा. तो फळीवर नाही, टेबलावर. त्यातला एक स्क्रूसुद्धा त्यांनी बदललेला नाही. जुन्या कॉम्प्युटरवाल्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, पुण्याचे, बंगळुरूचे लोक आहेत त्यात, ते याचे फोटो मागवून घेतात. संध्याकाळी अंकल त्याच्याशी बुद्धिबळ खेळतात. आणि पावसाळ्यात रोज सकाळी सातला अंगणातल्या मापात किती पाणी पडलं ते त्यात लिहितात. सत्तावीस पावसाळे लिहून झालेत. कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, पडतो म्हणून.

आता माझं सांगते, कारण माझ्याशिवाय यातलं काही घडलं नसतं. मी हेमांगी, वय शेहेचाळीस. चौदा वर्षं सातिवलीला हरेश शेठच्या कारखान्यात आहे. आम्ही लेबलं विणतो. शर्टाच्या कॉलरमागे दुकानाचं नाव विणलेली पट्टी असते ना, ती. एक मोठं मशीन, लूम म्हणतात त्याला, विणतं आणि आम्ही आठ बायका धागा लावतो, पट्ट्या कापतो, घडी घालतो, मोजून भरतो. विणायचं मशीन परदेशातून जुनंच आलेलं. त्याला कुठलं अक्षर कुठे विणायचं ते सांगणारा एक कॉम्प्युटर जोडलेला, तोही तेवढाच जुना, आडवा, पिवळट. तो बंद पडला तर मशीन आंधळं आणि आम्ही आठ जणी रिकाम्या.

दसऱ्याला आम्ही मशीनची पूजा करतो. सातिवलीत सगळेच करतात. मशीन धुऊन पुसून हळदकुंकू, हार, पेढे. त्या दिवशी मशीन चालवायचं नाही आणि हार दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काढायचा नाही. बाकीच्या सगळ्या गोखिवऱ्याच्या नाक्यावरून झेंडू आणतात. मी माझ्या आईनं, सुभद्रेनं, घरच्या कागड्याच्या पांढऱ्या फुलांचा ओवलेला हार आणते, दरवर्षी. गेल्या दसऱ्याला तो हार मी कॉम्प्युटरवर घातला, म्हटलं लूमचं डोकं हेच आहे, तर चांगला हार ह्यालाच. आणि मी फुलांच्या घरातली. निघताना हार सकाळपर्यंत टवटवीत राहावा म्हणून सवयीनं ओंजळभर पाणी शिंपडलं. एकदा नाही, दोनदा. त्या कॉम्प्युटरला वरून हवेसाठी फटी होत्या. रोज त्या मी पुसत होते आणि तेव्हा मला दिसल्या नाहीत.

कारखान्याची किल्ली माझ्याकडे असते. सकाळी मी पहिली आले, सुकलेला हार पिशवीत भरला आणि बटण दाबलं. आतून फट् आवाज आला आणि जळका वास. मला त्याच क्षणी कळलं. हात लावून बघितलं तर वरचा पत्रा थंड आणि ओलसर होता. मी तो पदरानं पुसला. हे सांगायला मला आजही लाज वाटते, पण पुसला. मग बाकीच्या आल्या आणि मी म्हटलं, चालू केला आणि गेला.

हरेश शेठनं सरळ सुधाकरला पकडलं. सुधाकर आमच्या पट्ट्यातला इलेक्ट्रिशियन, आठ-दहा कारखान्यांचं काम बघतो. दसऱ्याच्या दोनच दिवस आधी त्यानं आमचा वायरिंगचा बोर्ड बदलला होता. शेठ म्हणाला, तूच काहीतरी उलटंसुलटं जोडलंस. सुधाकरनं मीटर लावून दाखवलं, शपथ घेतली, पण शेठचं ठरलं होतं. उद्यापासून येऊ नको, म्हणाला. मी तिथेच उभी होते. हातात पेढ्याचं खोकं होतं आणि मी ते कोणाला द्यायचं ते विसरले होते.

गोखिवऱ्याहून एक कॉम्प्युटरवाला आणला. त्यानं झाकण काढायच्या आधीच हात जोडले. म्हणाला, शेठ, हे म्युझियमला द्या. विणायचं मशीन बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली आहे आणि नवीन पद्धतीचा कंट्रोल बसवायचा तर त्यापेक्षा नवीन मशीन परवडेल. शेठनं आम्हाला सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि सरळ सांगितलं. लग्नसराईच्या लेबलांची ऑर्डर आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी मशीन चालू झालं तर ठीक. नाही झालं तर हे भंगारात, काम माझ्या मेव्हण्याकडे वापीला, आणि सुट्टीनंतर तुम्ही कोणी येऊ नका. वाईट माणूस नाही तो. पण बोलताना त्यानं आमच्याकडे बघितलं नाही.

कमळी माझ्या शेजारी बसते, गोखिवऱ्याची, तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला आहे. ती फक्त म्हणाली, "आता गं?" मला वाटलं जमीन पोटात घेईल तर बरं.

त्या म्युझियम शब्दावरून मला अंकल आठवले. संध्याकाळी स्कूटी घराकडे न लावता सरळ तुस्कानोंच्या अंगणात लावली. अंकल बुद्धिबळ खेळत होते. मी सगळं सांगितलं, म्हणजे हार सोडून सगळं. त्यांनी एकच विचारलं, "लूमला जोडलेलं कार्ड किती लांब आहे?" झाकण उघडलेलं असताना ती आतली हिरवी पट्टी मी एकदा पाहिली होती, हातांनी दाखवलं. "उद्या येतो," म्हणाले आणि पुन्हा त्या स्क्रीनकडे वळले. चहा घे असंसुद्धा नाही. तो रीटा आंटीनं दिला.

दुसऱ्या दिवशी आले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पण सातिवलीच्या उन्हात टेम्पोतून उतरला तो थेट मशीनकडे. कमळी म्हणाली, "अंकल, आधी पानी तरी घ्या." ते म्हणाले, मशीनजवळ पाणी नको. मी कमळीच्या हातातला ग्लास घेऊन दाराबाहेर ठेवला. त्यांनी झाकण काढलं, प्रत्येक स्क्रू एका डबीत टाकला, टॉर्चनं आत बघितलं. मग दोन बोटं आत घालून काहीतरी उचललं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. मला वाटलं, सुटलेला स्क्रू असेल.

"आतला बोर्ड गेला," ते म्हणाले. "डिस्क वाचली आहे. लूमचं कार्ड वाचलं आहे."

शेठ म्हणाला, "कोणामुळे गेलं ते मला माहीत आहे, ते सोडा. चालू होईल का तेवढं सांगा."

"बघू," अंकल म्हणाले.

पुढचे चार दिवस तो टेम्पो निर्मळ ते सातिवली फिरत होता. कार्ड वाचलं होतं, म्हणजे ते मावेल असा दुसरा जुना कॉम्प्युटर हवा होता. फळीवरचा पहिला आणला, त्याची खाच आखूड निघाली. दुसऱ्यात कार्ड बसलं. लूम हलला, आम्ही आठही जणी पुढे सरकलो. हातभर पट्टी विणून बाहेर आली आणि दुकानाचं नाव एका बाजूला असं कललं होतं की वाचताना मान वाकडी करावी लागावी. अंकलनी ती पट्टी डोळ्यांजवळ धरली. हा कॉम्प्युटर दोन वर्षांनी नवा आहे, म्हणाले. लूमसाठी फार जलद धावतो. लूमचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या वेगावर वेळ मोजतो, त्यामुळे वेग तोच हवा. तिसराही जलद निघाला. चौथा चालूच झाला नाही. मी विचारलं, आता कुठला उरला? ते स्क्रू डबीत भरायला लागले. तेव्हाच मला समजलं, टेबलावरचा उरला.

त्या संध्याकाळी मी पुन्हा गेले आणि मागितला. ते सरळ नाही म्हणाले. दोरे कापताना तुमच्याकडे हवेत जी कापसाची कूस, बारीक तंतू, उडते ती मी चार दिवस बघतोय, म्हणाले. व्होल्टेज वरखाली होतं. एका वर्षात मशीन संपेल. ह्यातला एक भाग गेला तर जगात मिळणार नाही.

माझं डोकं फिरलं. आधीच आत काहीतरी कुरतडत होतं, त्यात हे. मी म्हटलं, "अंकल, तुमच्याकडे तो करतो तरी काय? पाऊस मोजतो. पाऊस वहीतही मोजता येतो. तिथे आठ घरांच्या चुली आहेत."

"चुली मी नाही विझवल्या," ते म्हणाले.

हे त्यांनी माझ्याकडे रोखून बघत म्हटलं. मी उठले आणि निघाले. रीटा आंटी दारापर्यंत आली, पण मी तिच्याशीही बोलले नाही. घरी येऊन आईवर उगाच खेकसले, पानात वाढलेलं तसंच ठेवलं. राग त्यांचा नव्हता हे मला कळत होतं. पण दुसऱ्यावर राग काढणं सोपं असतं आणि मला सोप्याचीच सवय लागली होती.

सकाळी किल्ली घेऊन मी कारखान्यावर पोचले तर दारात रिक्षा उभी. आत अंकल, मांडीवर गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर. निर्मळहून तेवढं अंतर त्यांनी तो मांडीवर धरून आणला होता, प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला शिव्या देत. शिव्या चालूच होत्या.

मी काही बोलायच्या आत म्हणाले, "ह्या वर्षीचा पाऊस संपला. दिवाळीपर्यंत मोकळा आहे तो."

शेठ आल्यावर त्यांनी आधी कागद मागितला. हे मशीन ऑगस्टीन तुस्कानो यांचं आहे, दिवाळीपर्यंत उसनं दिलं आहे, असं लिहून घेतलं, सही घेतली, शिक्का मारायला लावला. शेठ पैसे विचारत होता, तर म्हणाले, मी मशीन भाड्यानं देत नाही. मग कार्ड बसवलं, डिस्क जोडली, पुढचं एक बटण दाबून वेग कमी केला. लूम सुरू झाला. पट्टी आली ती सरळ, अक्षरन् अक्षर जागेवर. कमळीनं पदर डोळ्यांना लावला. अंकल लूमकडे बघतच नव्हते. ते कूस कुठून उडते ते बघत होते.

त्यांनी अट घातली. रोज जेवणाच्या सुट्टीत वीज बंद करायची, झाकण काढायचं आणि कोरड्या ब्रशनं आतली कूस काढायची. कोण काढणार? त्यांनी आठही जणींना हात पुढे करायला सांगितले, शाळेत नखं बघतात तसे. माझ्यापाशी थांबले. "फुलं ओवतेस ना तू," म्हणाले. "हिला शिकवतो."

मग संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत शिकायला जायला लागले. चेंडू आणायला ज्या दाराशी जायला घाबरायचे त्याच दारातून, पाय धुऊन. कुठे धरायचं, कुठे बोट लावायचं नाही, ब्रश कुठल्या दिशेनं, आधी लोखंडाला हात लावून अंगातली वीज कशी काढून टाकायची. शिकवताना ते ओरडत नाहीत, हे मला नवीनच कळलं. एकदा सोडून दहादा तेच तितक्याच हळू सांगतात. मी एका मशीनची कूस नीट काढली तेव्हा त्यांनी शर्टाच्या खिशातून एक पुडी काढली आणि टेबलावर उघडली. आत एक कागड्याचं फूल होतं, सुकून तपकिरी झालेलं.

"झेंडू असता तर मला कळलं नसतं," ते म्हणाले. "सातिवलीत कागडा कोण आणतं?"

मी चिडूनच विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललात सगळ्यांसमोर?"

"मला मशीनचं विचारलं. मी मशीनचं सांगितलं." त्यांनी पुडी पुन्हा बांधली. "बाकीचं तुझं आहे. मी कोणाला सांगणार नाही. पण सुधाकर सोल्डरिंग माझ्याकडे शिकलाय, तो असलं काम करणार नाही, एवढं मला माहीत आहे."

इथे मी दुसऱ्याच दिवशी जाऊन खरं सांगितलं असं लिहायला मला आवडलं असतं. नाही सांगितलं. पाच दिवस गप्प राहिले. मनाला समजावलं की ऑर्डर होऊ दे, मशीन चालतंय ना, सुधाकरला दुसरी कामं आहेत. मग एका सकाळी तो गोखिवऱ्याच्या नाक्यावर दिसला. बॅग नव्हती. मी थांबले, विचारलं. म्हणाला, शेठनं सगळीकडे सांगितलं, आणखी दोन कारखान्यांनी बोलावणं बंद केलं. माझ्यावर तो रागावलेलाही नव्हता. उलट म्हणाला, तुमचं मशीन चालू झालं ऐकलं, बरं झालं ताई. मला त्याच्या ताई म्हणण्याची इतकी लाज वाटली की स्कूटी चालवताना पुढचा रस्ता धूसर दिसत होता.

कारखान्यावर पोचल्याबरोबर शेठच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. हार, पाणी, पदरानं पुसलेला पत्रा. शेठनं माझ्यासमोरच सुधाकरला फोन लावला, सोमवारपासून ये म्हणाला, माफी मात्र मागितली नाही. आणि फोन ठेवून मला म्हणाला, "हेमांगीबेन, चुकून पाणी पडलं ते मी समजू शकतो. पण दोन आठवडे तुम्ही माझ्या समोर उभ्या राहून खोटं बोललात. सुट्टीनंतर येऊ नका." मी हो म्हटलं. त्यात चुकीचं काहीच नव्हतं.

रात्री आईला सांगताना रडले, मग पुन्हा नाही. अंकलकडे गेले ते मदत मागायला नाही. ब्रश परत द्यायला गेले, आणि सांगायला की आता दुसऱ्या कोणाला तरी शिकवा, कमळीचे हात चांगले आहेत. त्यांनी ऐकलं, ब्रश घेतला नाही. "हं" म्हणाले. एवढंच. रीटा आंटीनं मात्र मला जवळ घेतलं.

सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी ऑर्डर पुरी झाली. दुपारी अंकल रिक्षानं आले, तीच गोधडी घेऊन. कागद दाखवला, दिवाळी आली, मशीन न्यायला आलोय म्हणाले. शेठनं त्यांना बसवलं, थंड मागवलं. त्याला वाटत होतं की म्हातारा ऐकेल. विकत द्या म्हणाला. अंकल नाही म्हणाले. मग उसनंच राहू द्या अजून, नवी ऑर्डर आहे, म्हणाला. अंकलनी माझ्याकडे बोट केलं. मी कोपऱ्यात शेवटचे गठ्ठे बांधत होते.

"तिला मी शिकवलंय," ते म्हणाले. "ती इथे असली तर मशीन इथे. ती नसली तर रिक्षा बाहेर उभी आहे."

शेठ खुर्चीतून अर्धा उठला. "अंकल, अहो तिनंच तर बिघडवलं."

"म्हणूनच. ती आता आयुष्यात असं करणार नाही. बाकीच्या सात जणींचं व्हायचं आहे अजून."

कोणीतरी हसलं, बहुतेक कमळीच. शेठ हसला नाही. त्यानं लूमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, त्या शिक्क्याच्या कागदाकडे बघितलं. अंकल वाट बघत बसले नाहीत. ते उठले, कॉम्प्युटरपाशी गेले आणि मागची पहिली वायर मोकळी केली. ते दाखवायला करत नव्हते. मी इतके दिवस त्यांचे हात बघितले होते, मला माहीत होतं, ते खरंच काढत होते आणि काढताना खूशही होते.

दुसऱ्या वायरला शेठ म्हणाला, "राहू द्या. राहू द्या त्यांना पण."

अंकलचा हात तिथेच थांबला. मग त्यांनी पहिली वायर पुन्हा जोडली, दोनदा दाबून बघितली आणि कागदावरचं "दिवाळीपर्यंत" खोडून मला विचारलं, "तू किती वर्षं काम करणार इथे?"

"अठ्ठावन्नपर्यंत," मी म्हटलं. "बारा वर्षं."

त्यांनी ते तसंच लिहिलं आणि शेठची सही घेतली. मी त्यांच्या मागोमाग बाहेर गेले. माझ्या डोक्यात तोवर हिशेब झाला होता. एवढं माझ्यासाठी आजवर कोणी केलं नव्हतं, माझ्या माणसांनीसुद्धा नाही, आणि मी ह्या माणसाला वीस वर्षं भंगारवाला म्हटलं होतं. ते रिकामी गोधडी घडी करून रिक्षात बसले.

"अंकल," मी म्हटलं, "तुम्ही एकाहत्तरचे आहात. ते मशीन आता तुम्हाला परत मिळणार नाही."

"बेरीज येते मला," ते म्हणाले आणि रिक्षावाल्याला निर्मळ सांगितलं.